साच्याला हात लावायचा नाही!

"या वेळी मूल्यांकन समिती येईल, चहा पिईल आणि पाठ थोपटून जाईल!" समन्वयक सरांनी स्टाफरूममध्ये छाती फुगवून जाहीर केलं. छाती उगाच फुगली नव्हती. कॉलेजला वरचा दर्जा मिळाला की उपप्राचार्याची खुर्ची तुमची, असा शब्द खुद्द प्राचार्यांनी दिला होता. सरांनी तो सासुरवाडीपर्यंत पोचवलाही होता!

आजवर विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाच्या नोंदी गोळा करायच्या म्हणजे नुसता सावळा गोंधळ. इतिहासाच्या मॅडम त्या बुटांच्या खोक्यातून आणायच्या. रसायनशास्त्राचे सर तर काहीच आणायचे नाहीत. "मला सगळं तोंडपाठ आहे, विचारा की!" म्हणायचे.

त्यावर समन्वयक सरांनी जालीम उपाय काढला. ऑनलाइन तक्ता! प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, आणि शेवटच्या रकान्यात शिक्षकांचा अभिप्राय. अभिप्राय कसा लिहायचा ते लोकांना कळावं म्हणून तिथे सगळीकडे आधीच एक नमुना टाकून ठेवायचा होता. पण तोच काही केल्या सुचेना. शेवटी घरी त्यांनी बायकोलाच गाठलं.

"अगं, एखाद्या विद्यार्थ्याबद्दल दोन ओळी सांग ना, नमुन्यापुरत्या!"

बायको लसूण सोलत होती. मान वर न करताच म्हणाली, "बोलतो फार, ऐकत नाही. स्वतःच्या हुशारीवर फाजील विश्वास. आपलं काम दुसऱ्याकडून करून घेतो."

"वा! डोळ्यांसमोर उभा राहिला बघ कार्टा!" सरांनी खुशीत टाईप केलं.

दुसऱ्या दिवशी फर्मान सुटलं, "फक्त गुण भरा आणि मोकळे व्हा. साच्याला हात लावाल तर खबरदार!"

आणि काय आश्चर्य! आठवड्याच्या आत सगळ्या विभागांच्या नोंदी हजर. सरांनी त्या उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. तपासतच बसायचं तर मग एवढी आधुनिक पद्धत काढली कशाला?

समिती आली. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"भौतिकशास्त्राचा हा पहिला आलेला मुलगा. बोलतो फार, ऐकत नाही?"

"अं... हुशार मुलं असतात थोडी तशी!"

"आणि ही नापास मुलगी? तीही 'बोलतो फार'? अहो, अख्ख्या कॉलेजात एकच विद्यार्थी आहे का?"

सरांनी इतिहासाच्या मॅडमकडे खाऊ की गिळू नजरेने पाहिलं. "मॅडम, तो नमुना होता! खोडायचा नाही का?"

"खोडायचा? तुम्हीच दम भरलात ना, साच्याला हात लावाल तर खबरदार म्हणून!" मॅडम फणकारल्या. "आणि माझं खोकं बरं होतं!"

दर्जा घसरला. खुर्ची रसायनशास्त्राच्या सरांना गेली, कारण समितीने विचारलेलं सगळं त्यांना खरोखरच तोंडपाठ होतं!

संध्याकाळी सर समितीचा अहवाल घेऊन घरी आले आणि मटकन बसले. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

"अहो, एवढं काय लिहिलंय त्यात?"

"शेवटी समन्वयकाबद्दल अभिप्राय द्यायचा असतो," सर पडेल आवाजात म्हणाले. "त्यांनी आपल्याच तक्त्यातला उचलून चिकटवलाय. जसाच्या तसा!"

"अगंबाई!" बायकोला मनापासून कौतुक वाटलं. "एका दिवसात ओळखलं त्यांनी तुम्हाला? मला तर वर्ष लागलं होतं!"