मशीनने घासलेली भांडी

भांडी धुण्याचं मशीन घरात आलं, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. रविवारपर्यंत भांडी लख्ख निघाली तर मशीन राहील, नाहीतर दुकानात परत. थोरलीने, म्हणजे मोठ्या सुनेने, ती लगेच मान्य केली. दिवसभर प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायचे आणि घरी येऊन सिंकपाशी उभं राहायचं, याचा तिला वीट आला होता. संध्याकाळी निवांत टेकायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पहिल्याच दिवशी काचेच्या पेल्यांवर पांढरा थर आला. सासूबाईंनी पेला उजेडात धरला आणि पुन्हा हाताने घासला. ते थोरलीला झोंबलं. पावडर जास्त झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी तिने हात आखडता घेतला, तर कढईचं तेल ताटांनी वाटून घेतलं. मग नवऱ्याने मोबाइलवर तज्ज्ञांची मतं ऐकून पावडरीऐवजी साबणाच्या वड्या आणल्या. वडीच्या कप्प्याच्या झाकणाआड पातेलं आलं आणि वडी जागची हलली नाही, जावयासारखी ऐटीत बसून राहिली. शेवटी "साबण तो साबण" म्हणत नवऱ्याने सिंकजवळचं लिक्विडच आत ओतलं. अर्ध्या तासात फेस दाराच्या फटीतून निघून फ्रिजपर्यंत पोचला.

"हे भांडी धुतं की फरशी?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

शनिवारी सासूबाई फिरायला गेल्या आणि थोरलीचा धीर सुटला. तिने सगळी भांडी हाताने घासली, पुसली आणि मशीनमध्ये ओळीने लावून ठेवली. सासूबाईंनी परत आल्यावर मशीनचं दार उघडलं, तर ताटात तोंड दिसत होतं.

"आज काय घातलंस गं?"

"निळ्या खोक्यातली पावडर," समोर जे खोकं दिसलं ते थोरलीने सांगून टाकलं. ते अजून फोडलंही नव्हतं.

"मग आधीच नाही का आणायची? राहू दे मशीन."

थोरलीला मनापासून आनंद झाला. लाज वाटली, पण ती नंतर.

सासूबाईंच्या पोटात काही राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या धाकट्या सुनेकडे असंच मशीन होतं, तेही असंच छळत होतं. धाकटीने त्याच दिवशी निळं खोकं आणलं. तिचे पेले पांढरे ते पांढरेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भांड्यांनी भरलेला टब घेऊन खाली आली.

"ताई, पावडर तीच आहे. तुमच्या मशीनचाच हातगुण दिसतोय."

"मशीनला काय, एका घरची काय नि दोन घरची काय," सासूबाई म्हणाल्या. "रोज इथेच आणत जा."

खरं सांगितलं तर मशीन जाईल, पण निदान एकाच घरची भांडी उरतील, हा हिशोब थोरलीला कळत होता. तिने तोंडही उघडलं. पण सासूबाई धाकटीकडे बघून अभिमानाने म्हणाल्या, "हिला बरोबर जमतं." दहा वर्षांत त्या असं पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"ठेव इथे," थोरली म्हणाली.

दोघी बाहेर गप्पा मारत बसल्या. थोरलीने स्वयंपाकघराचं दार लोटलं, घासण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रिकामं मशीन सुरू केलं आणि धाकटीची करपलेली कढई हातात घेतली.