देखभालमुक्त आंबुशी

गृहसंकुलाच्या मधोमध एक हिरवळ होती आणि तिच्यावर पाऊल ठेवण्यास मनाई होती. या दोन बाबींत काही विसंगती आहे, असे कोणालाही वाटत नसे. हिरवळीला पाणी, खत, कापणी, माळी, कुंपण आणि पाटी हे सर्व वेळच्या वेळी मिळे. तरीही दर उन्हाळ्यात ती इमानेइतबारे पिवळी पडे.

"आजोबा, गवतावर अनवाणी कधी चालायचं?" कुंपणाला नाक लावून नात रोज विचारी.

आजोबा म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले पर्यवेक्षक. 'लवकरच,' असा शब्द त्यांनी नातीला दिला. तो पाळायचा, तोही पद्धतशीरपणे, असे ठरवून त्यांनी जागेची पाहणी केली. गवत मेले होते तिथे आंबुशी पसरली होती. तीन पानांची, इवल्या पिवळ्या फुलांची, जमिनीला बिलगलेली. ती कापावी लागत नव्हती, तुडवली तरी मान टाकत नव्हती. माळी तिला रोज उपटे आणि ती रोज हजेरी लावायला परत येई.

पर्यवेक्षकांनी सभेत प्रस्ताव मांडला. "आंबुशी राहू द्यावी. काहीही करू नये."

सभा गंभीर झाली.

"काहीही न करण्याचा आपल्याला दांडगा अनुभव आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण ते ठराव करून कधी केलेलं नाही. याची अंमलबजावणी कोण करणार?"

त्यासाठी 'देखभालमुक्त हिरवळ देखभाल समिती' स्थापन झाली आणि पर्यवेक्षक तिचे निमंत्रक झाले.

"घरातला नळ गळतोय तो बघायला वेळ नाही," बायको म्हणाली, "आणि निघाले जगाची आंबुशी राखायला!"

समितीने उद्यान सल्लागार बोलावले. त्यांनी गुडघ्यावर बसून आंबुशी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही आपोआप उगवलीय."

"तोच तर तिचा गुण."

"तोच दोष. उद्या आपोआप मेली, तर जबाबदार कोण? आंबुशी प्रमाणित हवी."

पर्यवेक्षकांचा सगळा जन्म प्रमाणित सुटे भाग तपासण्यात गेलेला. हा मुद्दा त्यांना पटायला नको होता, पण पटला.

मग आपोआप आलेली आंबुशी मुळासकट उपटून मागच्या भिंतीपलीकडे फेकण्यात आली. जमीन खणून, चाळून, पाणसळ लावून सपाट केली गेली. रोपवाटिकेतून प्रमाणित आंबुशी आली. तिला ऊन सोसेना म्हणून जाळी, जाळीखाली ती सुकू लागली म्हणून फवारे, फवाऱ्यांनी चिखल झाला म्हणून चर. एवढ्या पाण्यावर, ज्या गवताची वर्षानुवर्षे मनधरणी केली होती, ते चहूकडून तरारून वर आले. समितीने त्याला तत्काळ तण घोषित केले.

"म्हणजे साहेब, आता आंबुशी राखायची आणि गवत उपटायचं?" माळ्याने विचारले.

"बरोबर."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं पुढे बघू."

"तसं नाही, हाताला वळण कुठलं लावायचं, म्हणून विचारलं."

पाटीवरील 'हिरवळीवर' हा शब्द रंगाने झाकून तिथे 'आंबुशीवर' लिहिण्यात आले. बाकी मजकूर चालण्यासारखा होता. निमंत्रकांना एक शिट्टी मिळाली आणि ती त्यांनी पहिल्यांदा फुंकली, तेव्हा चपला हातात घेतलेली नात कुंपणाच्या आत एक पाय टाकून उभी होती.

"तुम्हीच म्हणालात ना, हिला तुडवलं तरी चालतं?"

"ती आधीची, बाळा. ही प्रमाणित आहे."

नात चपला तशाच हातात घेऊन निघून गेली. संध्याकाळ झाली तरी ती घरी आली नाही, तेव्हा पर्यवेक्षकांचे धाबे दणाणले. शोधता शोधता ते मागच्या भिंतीपलीकडे पोहोचले आणि जागीच थांबले. फेकलेली आंबुशी आणि उपटलेले गवत एकमेकांच्या गळ्यात गळा घालून तिथे दाट माजले होते. त्यावर नात अनवाणी धावत होती.

पर्यवेक्षकांनी चपला काढल्या. तळव्यांना गारवा लागला आणि सवयीने डोळा जमिनीच्या पातळीवर गेला.

"इथे जरासा उतार काढला, तर..."

"आजोबा!" नातीने त्यांचा हात घट्ट धरला. "कुणाला सांगू नका हं."

त्यांनी शिट्टी खिशातून काढून लांब भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी समितीचा राजीनामा दिला. कारण विचारले, तेव्हा गुडघेदुखी सांगितली.

अशी एखादी जागा आपल्याही घरामागे असेल. हे वाचताना तिथे काय काय सुधारणा करता येतील, याचा विचार आपल्या मनात आला असल्यास कळवावे. समितीला निमंत्रक हवा आहे.