अण्णांचं टेस्ट पेज

मल्लिनाथ अण्णांच्या हॉलमध्ये सिद्धेश्वराच्या तसबिरीशेजारी एक कागद फ्रेम करून लावलाय. लोकांना वाटतं, पदवीचं सर्टिफिकेट असेल. डोंबलाचं सर्टिफिकेट! प्रिंटरचं टेस्ट पेज आहे ते. तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवरून एकदाच निघालं. दुसऱ्या दिवशी सिस्टीम अपडेट झाली आणि प्रिंटरनं जी मान टाकली ती टाकलीच.

अण्णा जुळे सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सूतगिरणीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. काकू गेल्या, मुलगा पुण्याला. घरात अण्णा आणि ही ब्याद. साऱ्या जगाला विंडोज चालतं, यांना चालत नाही. "त्याला मालक हाय. ह्याला मालक न्हाय की!" मालक नाही म्हणूनच ते कुणाचं ऐकत नाही, हे मी दहादा सांगून बघितलं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. दर महिन्याची नोटीस छापायचं काम अण्णांनी हट्टानं मागून घेतलं आणि माझ्यामागं साडेसाती लागली. संध्याकाळी वर जावं तर तोच तमाशा. अण्णा काळ्या पडद्यावर कमांडी बडवणार, कॉम्प्युटर म्हणणार "छपाई पूर्ण", आणि प्रिंटर मख्ख. मग ड्रायव्हर काढा, पुन्हा घाला. एकदा दोन तासांनी कागद आला, त्यावर नुसते चौकोन. खंडेनवमीला त्या डबड्याला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली, तर फूल आत अडकलं.

"अण्णा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं पाच मिनिटांचं काम आहे हो!"

"सिस्टीमचा दोष न्हाय. आपलीच समजूत कमी पडतीय. उद्या या की, बघू."

उद्या, परवा, तेरवा. मी जायचो, तोंडसुख घ्यायचो, चहा प्यायचो आणि शेवटी नोटीस झेरॉक्सवाल्याकडूनच आणायचो. अखेर दम दिला, "जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत नोटीस निघाली नाही, तर मी विंडोज टाकणार."

"टाका," अण्णा म्हणाले. चेहरा मात्र पडला.

यात्रा झाली. नोटीस नाहीच. मी पेनड्राइव्ह घेऊन मोठ्या ऐटीत वर गेलो. अण्णा चहा टाकायला आत गेले. बसावं म्हणून खुर्चीवरची रद्दी उचलली, तर खाली आमच्या नोटिसा! दसऱ्यानंतरच्या चारही. एक अक्षर हललेलं नाही. प्रत्येकीच्या पाठीवर अण्णांनी टाइम ऑफिसातल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: "सकाळी अकरा. पहिल्याच झटक्यात निघाली."

म्हणजे प्रिंटर दसऱ्यापासून ठणठणीत होता! चार महिने मी या माणसाला घालूनपाडून बोलत होतो आणि हा माझ्यासाठी चहा टाकत होता. नोटीस निघाली असती, तर मी कशाला वर आलो असतो? रद्दी होती तशी ठेवून दिली.

अण्णा दोन कप घेऊन आले. पेनड्राइव्हकडं बघत म्हणाले, "हे टाकायला किती दिवस जातील?"

काम तासाभराचं.

"तुमच्या या खटाऱ्यावर?" मी खेकसलो. "महिना तर धराच. रोज संध्याकाळी यावं लागेल."

अण्णांचा चेहरा उजळला. "येवढा येळ जाणारच हाय, तर आदी आपलं हेच बघू की."

मी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि प्रिंटरमागं वाकून बघितलं. वायर ढिली करून ठेवलेली होती.

"काय बिघडलंय, कळत नाही बुवा," मी म्हणालो.