विहित नमुन्यातली आई

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना दिवंगत आईचा व्हिडिओ दाखवणे, ही बाब सकृद्दर्शनी किरकोळ होती. अप्पांचं खुब्याचं हाड मोडलेलं, डोळ्यांपुढचं धुकं दिवसेंदिवस दाट होत चाललेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, की जे बघायचंय ते आताच बघून घ्या. अप्पांना स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्यावर डाफरणारी बायको तेवढी बघायची होती.

त्यासाठी साहेबांनी, म्हणजे अप्पांच्या चिरंजीवांनी, तळहाताएवढा प्लेअर आणला. साहेब परवाना खात्यात अर्ज तपासायचे, आणि विहित नमुन्यात नसलेला अर्ज परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. प्लेअरने आईची फाइल घेतली आणि पडद्यावर शेरा मारला, ‘हा नमुना चालत नाही.’ साहेबांना राग आला नाही. यंत्र आपल्याच खात्यातलं वाटून उलट त्यांचा ऊर भरून आला.

“अहो, कॉम्प्युटरच उचलून आणा ना त्यांच्या उशाशी,” साहेबांची बायको म्हणाली.

“मग प्लेअर कशाला घेतला?”

साहेबांनी फाइल बदलणारं सॉफ्टवेअर उतरवलं आणि पहिली प्रत काढली. आवाज खणखणीत होता, पण आई जरा रुंद दिसत होती.

“चालेल रे,” अप्पा म्हणाले. “शेवटी शेवटी होतीच ती तशी.”

“अप्पा, त्रुटी ती त्रुटी.”

इथेच शिस्त नडली. नवी प्रत झाली की जुनी नष्ट करायची, नाहीतर घोळ होतो, हा साहेबांचा कार्यालयातला दंडक. तोच त्यांनी घरी लावला आणि मूळ फाइल काढून टाकली. मग रुंद आईवरून बारीक आई काढली, तर ओठ आधी हलायचे आणि बोलणं मागून यायचं. रुंद आई नष्ट झाली. ओठ जुळवले, तर कडेला काळ्या पट्ट्या आल्या. प्रतीवरून प्रत निघत राहिली. आतल्या खोलीतून अप्पा विचारायचे, “झालं का रे?” हा प्रश्न कार्यालयाच्या खिडकीपलीकडून ऐकायची सवय असलेले साहेब मान वर न करता म्हणायचे, “प्रक्रियेत आहे.”

अखेर एका दुपारी आई जमली. पट्ट्या नाहीत, रुंदी नियमानुसार, चेहरा नितळ. साहेबांनी प्लेअर अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“काही दिसत नाही रे आता. आवाज तरी मोठा कर.”

साहेबांनी आवाज पार टोकाला नेला. खोली शांतच राहिली. चित्र तपासण्याच्या नादात ऐकून बघायचं राहूनच गेलं होतं, आणि आवाज कुठल्याशा जुन्या प्रतीबरोबर गेला होता.

साहेबांनी प्लेअर स्वतःच्या कानाला लावून बघितला. “अप्पा, आई काहीतरी बोलतेय. पण काय ते...”

“मला पाठ आहे,” अप्पा म्हणाले. “ती म्हणतेय, ह्या पोराला काम सांगू नका, आयुष्य जाईल.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. ओठ अगदी बरोबर जुळत होते.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. पण मघापासून तुमच्याही आतल्या खोलीतून कुणीतरी “झालं का रे?” विचारतंय, आणि तुम्ही हे वाचत बसला आहात.