बटुग्रहांची मुंज

एका जंगलात, बाळांनो, एकदा कॉम्प्युटर आला. कसा आला ते विचारू नका. तुमच्या शाळेत आला तेव्हा तुम्ही कुठे विचारलं होतं?

त्यावर वटवाघळाने एक प्रोग्राम बनवला. भर दुपारी गुहेच्या भिंतीवर अख्खं आकाश दिसायचं. सूर्य, ग्रह, त्यांच्या फिरायच्या वाटा, सगळं. पहिल्या दिवशी ते उलटं दिसलं, कारण बनवणाराच उलटा लटकलेला. पण तेवढं दुरुस्त झालं.

वाघमहाराज बघायला आले. मागोमाग त्यांचा दिवाण तरस.

महाराजांना सूर्य फार आवडला. "मधोमध बसलाय. अगदी आमच्यासारखा. पण कडेला हे बारकं बारकं काय फिरतंय?"

"तो प्लूटो, महाराज. बटुग्रह आहे. असे आणखीही आहेत. हा सेरेस, ती एरिस..."

"बटू?" महाराज गरजले. "यांच्या मुंजी झाल्या कधी? आम्हाला साधं आमंत्रण नाही?"

"अहो, बटू म्हणजे नुसता लहान," वटवाघूळ म्हणालं. "मुंजीचा काही संबंध नाही."

पण तरस महाराजांच्या कानाला लागला. "महाराज, मुंज झाली म्हणजे पोरगं हाताशी आलं. उद्या हेच मोठे होतील आणि मधली जागा मागतील."

"काढून टाक त्यांना!"

"आकाशातून कसे काढू?" वटवाघूळ म्हणालं. "पण इथे एक चौकोन आहे बघा. 'बटुग्रह दाखवा.' त्यातली खूण काढली की ते दिसत नाहीत."

टिक्. गेले सगळे.

"अरे वा!" महाराज म्हणाले. "एवढं सोपं असतं होय?"

"ते आहेत तिथेच आहेत, महाराज. फक्त आपल्याला दिसत नाहीत," वटवाघूळ म्हणालं. पण उलट्या लटकलेल्याचं कोण ऐकतो?

दिवाणाच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. कॉम्प्युटरवर जंगलातल्या सगळ्या प्राण्यांची यादी होती, त्याने तिलाही तसाच चौकोन बसवला. 'बटुप्राणी दाखवा.' आणि खूण काढून टाकली. ससे गेले, मुंगूस गेलं, साळिंदर गेलं. पिसोरीही गेली. पिसोरी म्हणजे सशाएवढंच हरीण, काडीसारखे पाय. बाकीची हरणं तिला आधीच हरीण मानत नव्हती.

वैशाख होता. पिसोरी पाडसाला घेऊन पाणवठ्यावर गेली. वाटेवर रानगवा यादी उघडून बसलेला.

"बाई, तुमचं नाव नाही."

"अहो गवादादा, मी समोर उभी आहे ना! पोराच्या घशाला कोरड पडलीय हो."

"उभ्या आहात ते मला दिसतंय. यादी दाखवत नाही, त्याला मी काय करू?"

पिसोरीला रडूच कोसळलं. मग ती नाक पुसून म्हणाली, "बरं. अडवलं म्हणून लिहून द्या. मी वर दाद मागते."

गवा लिहायला बसला. आता यादीत नावच नाही, तर अडवलं कोणाला म्हणून लिहायचं? त्याने बराच वेळ डोकं खाजवलं.

"बाई, तुम्ही आलाच नाहीत," तो शेवटी म्हणाला. "आणि न आलेल्याला मी अडवणार कसा? प्या पाणी."

पाडस पोट टम्म होईपर्यंत प्यायलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीच. महाराजांच्या जेवणाचा नंबरही त्याच यादीतून लागायचा. रोज एक. लहान गेल्यावर मोठ्यांचे नंबर भराभर यायला लागले. मोठ्यांना आता लहान असणं किती छान असतं ते कळलं.

चौथ्या दिवशी सांबर धापा टाकत वटवाघळाकडे आलं. "माझी मुंज लाव!"

"अरे, तुझी ही शिंगं बघ!"

"कापतो! बटूचं डोकं करतातच ना?"

शिंगं उतरवली. कमरेला वेल बांधली. यादीत नावापुढे 'बटू' लिहिलं, की नाव गायब. मग रांगच लागली. नीलगायीची झाली, गव्याची झाली. अस्वलाची हजामत तीन दिवस चालली. दिवाणानेही गुपचूप उरकून घेतली.

एका सकाळी महाराज कडकडून भुकेले. "दिवाण, आज नंबर कोणाचा?"

तरसाने यादी उघडली. एकच नाव होतं. त्याने ते दोनदा वाचलं.

"महाराज... आपलाच."

गुहेच्या तोंडाशी सगळं जंगल जमलेलं. डोकी तुळतुळीत. नंबर लागला की पुढे यायचं, हा नियम महाराजांनीच केलेला. अस्वलाने हळूच ओठ चाटले.

"बघतोस काय मेल्या!" महाराज किंचाळले. "न्हाव्याला बोलाव! आमची मुंज लाव!"

मुंज लागली. यादी कोरी झाली. पण बाळांनो, मुंज म्हटली की बटूला भिक्षा मागावी लागते. महाराज लंगोटी नेसून, झोळी घेऊन पहिल्या दारात उभे राहिले. दार पिसोरीचं होतं.

"ॐ भवति भिक्षां देहि," महाराज पुटपुटले.

पाडस आईच्या मागे लपलं. पिसोरीने मूठभर ओला पाला झोळीत वाढला आणि रिवाजाप्रमाणे आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं.

"मोठा हो, बा..." ती थांबली. "नको रे बाबा. आहेस एवढाच राहा."

तात्पर्य: बाळांनो, प्लूटोला यादीतून काढलं म्हणून हळहळू नका, त्याचा नंबर आता कधीच लागणार नाही. आणि कोणी तुम्हाला "खूप मोठे व्हा" म्हणालं, तर आधी त्यांना विचारा, यादी कसली आहे?