हातचा अडकला

अंतर हा शिक्षणाचा मूळ शत्रू आहे, आणि शत्रूशी दुरूनच लढलेलं बरं, हे शिक्षण खात्याला उशिरा का होईना उमगलं. म्हणून डोंगरापलीकडच्या शाळेत पडदा बसवला. पडदा आल्यावर बाई कशाला, म्हणून तिथल्या एकुलत्या एका बाईंना शहरातल्या कचेरीत आणलं. पण पडद्यावर कोणीतरी दिसायला हवं, म्हणून त्याच बाई कचेरीतून त्याच मुलांना शिकवू लागल्या. (पूर्वी बाई आणि मुलं यांत दोन हातांचं अंतर होतं, आता साठ किलोमीटर झालं. विस्तार म्हणतात तो हाच.)

पहिल्याच तासाला दुसरीची बेरीज होती. बाई म्हणाल्या, "आठ नि सात पंधरा. पाच खाली मांडा, आणि हातचा..."

इथे रेंज गेली. बाई तोंड उघडं ठेवून गोठल्या.

"बाई, तुम्ही अडकलात!" सुताराची मुलगी ओरडली.

यंत्रणेने 'उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी नोंद केली. तीन आठवड्यांत असे एकशे बारा प्रतिसाद जमले. (सगळे याच वाक्याचे.) हातचा मात्र कुणालाच मिळाला नाही. सुताराची मुलगी अठ्ठावीस नि सतरा पस्तीस सांगत राहिली. बापाने लेकीवर भरवसा ठेवून दाराची फळी पस्तीस बोटांवर कापली. दाराला दहा बोटांची फट पडली.

हे बाईंच्या कानावर आलं. रविवारी पहिली गाडी धरून, पुढे तीन तास चालून त्या सुताराच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सात मिनिटांत हातचा दिला.

"एवढंच होतं?" मुलगी म्हणाली.

"एवढंच गं, बाळा." बाईंनी पदराने डोळे टिपले.

सोमवारी साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही प्रत्यक्ष गेलात? उद्या सगळेच जायला लागले, तर पडद्याने काय करायचं?"

"साहेब, पोरीला हातचा कळत नव्हता."

"मग तिने पोर्टलवर टाकायचं!"

तरी खातं दयाळू. नोकरी राखली, फक्त 'समोरासमोर शिकवण्याची सवय कशी सोडावी' हा तीस तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम बाईंना लावून दिला.

दरम्यान त्या वर्गाचा व्हिडिओ गाजला. गोठलेल्या बाईंकडे मुलं टक लावून पाहताहेत, चिडीचूप. 'केवढी ही एकाग्रता!' त्याला चार लाख अंगठे मिळाले. हाच जनतेचा कौल, असं म्हणत खात्याने आणखी नव्वद शाळांतल्या बाई उचलल्या.

त्या अंगठ्यांची यादी आम्ही पाहिली. तुमचा एकोणीसशे सहावा आहे. तुमच्या मुलाला शिकवायला घरी येणारे सर तेव्हा आतल्या खोलीत त्याच्या शेजारी बसून गणित घेत होते.