ब्याऐंशी शून्य चार आणि इंदूआत्या

इंदूआत्या पान्याला पाना म्हणत नाही. पौडच्या एसटी स्टँडजवळ माझं हार्डवेअरचं दुकान आहे. भर गर्दीत ती पायरी चढते आणि दारातूनच म्हणते, "बाळू, ब्याऐंशी शून्य चार दाव." मी पाइप पाना काढून समोर ठेवतो. "ब्याऐंशी शून्य तीन?" मी पक्कड काढतो. गिऱ्हाइकं आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. एकाने तर काउंटरवर वाकून, खालच्या आवाजात विचारलं होतं, "शेठ, हा आकडा कुठं लागतो?"

हा आकडा बंदरात लागतो. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या जाडजूड पुस्तकात एक नंबर असतो आणि त्या नंबरावर कर ठरतो. आत्याने मुंबईत, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात जन्मभर हेच केलं. माल बघायचा, नंबर लावायचा. लागली तेव्हा ती चहाचे कप विसळत होती, सुटली तेव्हा साहेब तिला विचारल्याशिवाय कागदावर सही करत नव्हते. नळकामाची हत्यारं हा तर तिचा खास प्रांत. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणते, "नमुना पसंत पडला न्हाई."

निवृत्त होऊन ती गावी परतली आणि भावकीने दिलेल्या मागच्या खोलीत राहू लागली. माझ्या वडिलांची ती चुलत बहीण, पण गावाची लेक म्हणून अख्ख्या गावाची आत्या झाली.

निवृत्ती म्हणजे नावाला. जुन्या ऑफिसातून पार्सलने नमुने येतच राहिले. नवी हत्यारं, अडलेली हत्यारं, कुणाला न कळणारी हत्यारं. आणि इथे आत्याचा कडक नियम असा की, नमुना स्वतः वापरल्याशिवाय नंबर द्यायचा नाही. त्यामागे इतिहास आहे. नवी असताना तिने नुसतं चित्र बघून एका मालाला पकडीचा नंबर लावला. पेटी उघडली तर आत दातांच्या डॉक्टरचे चिमटे. माल आठ दिवस बंदरात अडकून पडला.

"तवापासनं कानाला खडा," आत्या सांगते. "हातात घिऊन चालीवल्याबिगर नंबर न्हाई."

आता पाना चालवायचा तर नळ हवा. आत्याच्या खोलीत नळ एकच. मग नमुना आला की आत्या पिशवीत पाना, गळ्यात दोरीचा चष्मा आणि हातात वही घेऊन निघायची. शाळेचा नळ, देवळामागचा नळ, कातकरी वाडीतला नळ, भावकीतल्या मोऱ्या. पैसे घ्यायची नाही. एक कप चहा मात्र घ्यायची, तोही काम झाल्यावर. एरवी कितीही बोलवा, यायची नाही.

"काम असल्याबिगर कुनाच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई," हा तिचा दुसरा नियम.

तेवढी एक गंमत होती. तिने दुरुस्त केलेले नळ पंधरा-वीस दिवसांत पुन्हा गळायला लागत. आत्या पुन्हा यायची. नळ माझ्याच दुकानचे, त्यामुळे गाव मला टोमणे मारायचं. "बाळूशेठच्या नळाला सर्दी हाय," असं तोंडावर ऐकलं आहे मी. मी सांगायचो, पाण्याला जोर फार.

एकदा आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा पोरगा, एक झकास हत्यार घेऊन आला. एकीकडे हातोडी, एकीकडे पाना, मध्ये पक्कड, पोटात चार स्क्रू ड्रायव्हर. आत्याला खिजवायला म्हणून त्याने विचारलं, "आत्या, ह्याचा नंबर सांगा बघू."

आत्याने ते उलटंपालटं केलं. "ह्यानं तू काय करतूयास?"

"काही नाही. आवडलं म्हणून घेतलं."

"मंग ह्ये खेळणं हाय. चॅप्टर पंच्याण्णव."

कारण तिच्या लेखी वस्तूचं नाव, रूप, किंमत सगळं झूट. "मुख्य उपयोग काय?" एवढंच ती विचारते. दुसरा प्रश्न, "हातानं चालतं का करंटवर?" हत्याराला मोटार जोडली की ते पुस्तकातल्या ब्याऐंशीच्या चॅप्टरमधून उठून चौऱ्याऐंशीत जातं. रस्त्यालगतची जमीन विकून दारात मोठी गाडी उभी केलेला आमचा एक भाऊबंद हल्ली ओळख देत नाही. आत्या त्याच्यावर रागावली नाही. "मोटार लागली की चॅप्टर बदलतू बाळू," म्हणाली, "त्येचा काय दोष."

आणि एका शब्दाची तिला शिसारी. इतर. ज्याचा नंबर सापडत नाही ते "इतर"मध्ये टाकायची सोय त्या पुस्तकातही आहे. आत्याने ती कधी वापरली नाही. "इतर म्हंजी आळशाची खुंटी. समद्याला जागा आस्ती. हुडकायला वेळ लागतू, तेवढंच."

मग गेल्या वर्षी एका दुपारी ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाळू, ह्यो पाना ठिव तुज्याकडं."

पाना. मी हातातलं बिल खाली ठेवलं.

"मुंबईवरनं फोन आलावता. आता फोटो काढला की कॉम्प्युटर नंबर देतुया म्हनं. नमुनं बंद."

"बरं झालं की. आराम कर."

"व्हय," ती म्हणाली. "दाताचं चिमटं बी फोटूतच बघितलंवतं मी."

त्यानंतर दीड महिना आत्या कुणाच्या घरी गेली नाही. सकाळी खोलीच्या पायरीवर बसलेली दिसायची, वही मांडीवर. मी म्हटलं, "आत्या, चहाला ये."

"काम काय?"

"काम न्हाई. आशीच."

"आशीच न्हाई येत मी."

इकडे नळ आपापल्या वेळेला गळू लागले. आमच्या मोरीतला सुरू झाला तेव्हा मी स्वतः पाना घेऊन बसलो. नळ विकण्यात आयुष्य गेलं माझं, उघडायची वेळ कधी आली नव्हती. मुंडीखालचा नट आवळला. जेमतेम अर्धा आटा फिरला आणि गळती थांबली. काही झिजलेलं नाही, काही फुटलेलं नाही. धाकट्या भावाकडे गेलो. तिथेही अर्धा आटा. शाळेत गेलो. अर्धा आटा.

घरी येऊन बायकोला, मंगलला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आज कळलं? आन् दुकान चालीवता म्हनं हार्डवेअरचं."

"तुला कवापासनं ठावं?"

"पयल्या वर्सापासनं. आत्याच्या हातचा नट ढिला ऱ्हाईल व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले आस्ते तर ती आली आस्ती का परत?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "मी तिच्या च्यात साखर जादा टाकती, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून एक कोरा पाइप पाना खोक्यात घालून आत्याच्या पायरीवर नेला. "नवा माल आलाय. नंबर पायजे."

तिने खोकं वाचलं. "ह्यो देशी हाय. ह्याला नंबर कशाला?"

"उद्या परदेशात गेला तर? माल पाठवताना बी नंबर लागतो, तूच सांगितलंवतंस."

आत्याने खोकं मांडीवर ओढलं. मग चष्मा शोधू लागली. "चालवून बघावा लागंल."

"आमच्या मोरीतला नळ गळतोय."

तो कसा गळत होता ते मला ठाऊक होतं. सकाळीच अंगठा सोलून घेतला होता मी.

आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून आली. वाकून नट बघितला. "बाळू, ह्यावर कुनीतरी शिकाऊ हात फिरीवलाय. किती वरखाडं."

"उंदीर आसंल."

"उंदीर पाना वापरतूय?" आत्या म्हणाली. "त्येला नंबर द्यावा लागंल."

तिने नट आवळला. थेंब थांबला. आत मंगलने आधण ठेवल्याचा आवाज आला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकदम रस घेतला, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं ते दिसलंच. आत्याचं मनगट सावकाश, अर्धा आटा, मागे आलं.

चहा घेऊन बसली तेव्हा तिने वही उघडली, पण लिहिलं काही नाही. "एका नळावर नंबर ठरत न्हाई बाळू," ती म्हणाली. "धाकट्याकडचा कसा हाय?"

"गळतोय की," मी म्हटलं.

गळत नव्हता. कालच मी स्वतः आवळून आलो होतो. पण मंगलचा चहा उकळता होता. आत्याची बशी निवेपर्यंत मागच्या दाराने धाकट्याच्या मोरीत जाऊन यायला मला पुरेसा वेळ मिळाला.